काट्याची फाइल

सावद्याच्या काट्यावरचं जुनं मशीन काढायचं ठरलं
तेव्हा ती माझ्याकडे आली, पेनड्राइव्हवर.
काटा डॉट डॅट. अकरा वर्षांची केळी.
प्रोग्राम लिहिणारा सुरतेला गेला, नंबर लागत नाही,
कागद एकही नाही.

नोटपॅडमध्ये उघडली तर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं,
आणि त्या गाळात मधेच वर येणारं इंग्रजी अक्षरांतलं
निंभोरा, चिनावल, पुन्हा निंभोरा.
हा मजकूर नव्हे. मजकूर समजून वाचला
तर तो तुमच्याशी खोटं बोलतो, तेही प्रामाणिकपणे.

म्हणून आर, आणि आरच्या पाठीला बी.
वाच, पण आहे तसं.
ओळीचा शेवट शोधू नकोस, ओळी नाहीतच.
लांबीला अठ्ठेचाळीसने भागलं. बाकी शून्य.
एवढ्यावर मी उठून चहा केला.

अठ्ठेचाळीसातला पहिला बाइट कळला,
पुढचे तीन रिकामे. प्रत्येक वेळी रिकामे.
दोन दिवस त्यांच्यात अर्थ शोधला.
मग ट्रक भरताना पाहिला: घडाला घड घासू नये
म्हणून मधे पाला कोंबतात.
तेवढंच होतं ते. कंपायलरचा पाला.

त्यानंतरचे चार वजनाचे असणार.
एफई, सत्तेचाळीस, शून्य, शून्य.
डावीकडून मांडले सरळ, शाळेत शिकवल्यासारखे,
तर एका ट्रकात चारशे सव्वीस कोटी किलो केळी.

लोटन झोपे काट्यावर तेव्हा कारकून होते.
कीबोर्डवर अजून त्यांच्या बोटांचा चीक, काळा पडलेला.
फोनवर त्यांनी जुन्या पावत्या वाचून दाखवल्या,
पंचवीस, चौतीस, सत्तावीस,
आणि मी ऐकता ऐकता थांबले.
पाच आधी, वीस नंतर. चार, मग तीस.
लहान आधी बोलायचं, मोठं मागून येतं.
मशीनही तसंच लिहीत होतं. मीच उलटं वाचत होते,
जन्मभर सुलट बोलून.
फिरवले चार बाइट: अठरा हजार चारशे तीस.
पावतीशी जुळलं.

मग सगळं सुटत गेलं, भरलेली गाडी, रिकामी गाडी, तारीख, गाव.
पहिल्या बाइटात शून्य असेल तर नोंद चालू,
एक असेल तर रद्द.
रद्द केलेलं फाइल टाकून देत नाही.
मोजत नाही, इतकंच.

रद्द नोंदी दोन हजारांवर. चुका, दोनदा दाबलेली बटणं.
त्यांत सात अशा, की गाडी नंबराच्या जागी वैजू.
दर वर्षी पोळ्याचा दिवस.
वजन वीस. पुढच्या वर्षी वीस.
तीस. तीस. चाळीस. चाळीस. पन्नास.
रिकाम्या गाडीचं वजन सातही वेळा शून्य.

नव्या फाइलीत रद्द नोंदी न्यायच्या नाहीत असं करारात आहे.
आणि लिहायला उघडताना डब्ल्यू वापरला
तर तो आधी पुसतो, मग लिहायला घेतो;
म्हणून पहिल्याच दिवशी मी तीन प्रती काढून ठेवल्या होत्या.

फोन केला. म्हटलं, भाऊ, एक विचारायचं होतं,
दोन नोंदी वीसच्या आहेत, दोन तीसच्या.
पोरगी वर्षभर वाढली नाही का?

बराच वेळ मागे कुठेतरी पंखा ऐकू येत होता.

“वाढे ना वं. काटाच दहाचा व्हता.
मंधातलं त्याले दिसे नही.”

सात गुणिले अठ्ठेचाळीस, तीनशे छत्तीस बाइट.
वेगळ्या फाइलीत लिहिले, तेच बाइट, त्याच क्रमाने,
पालाही काढला नाही.
नाव काय द्यावं ते अजून सुचलेलं नाही.